टॅक्सीच्या पोटी ॲम्ब्युलन्स

१४ मार्च

बाबा ऐकत नाहीत. मीही ऐकणार नाही!

गाड्या पाठवणारं आमच्या कंपनीचं सगळं सॉफ्टवेअर बाबांच्या 'टॅक्सी' या क्लासवर, म्हणजे कोडमधल्या एका साच्यावर, उभं आहे. मी शाळेत असताना त्यांनी तो लिहिला. आता इस्पितळाचं काम मिळालं, तर म्हणे, "ॲम्ब्युलन्स टॅक्सीखाली टाक. सगळं आयतं मिळेल." मिळतं की! खालच्या, चाइल्ड क्लासमध्ये एक ओळ न लिहिता वरच्या पॅरेंटचं सगळं येतं — चालक, नंबर, नकाशा. नको असलेलंही येतं.

मुकाट्याने टाकली. पटलं नाही ते नाहीच.

१९ मार्च

पहिल्याच दिवशी व्हायचं तेच झालं. एका आजींना स्ट्रेचरवरून जिना उतरवत होते. गिऱ्हाईक वेळेत बसलं नाही तर फेरी रद्द, हा टॅक्सीचा नियम. ॲम्ब्युलन्सने तो इमानेइतबारे पाळला. दारातली गाडी निघून गेली! दुसरी येईपर्यंत आजी जिन्याखाली पडून. वाचल्या.

बाबा शांतपणे — "मग ओव्हरराइड कर. त्याच नावाची मेथड खाली लिही, वरची गप्प बसते."

केली. रद्द करायचा नियम ॲम्ब्युलन्सपुरता बंद.

२१ मार्च

आज एका चालकाने 'लांब पडतं' म्हणून पेशंट नाकारला. टॅक्सीवाल्याला ती मुभा, म्हणून ह्यालाही. एक भोक बुजवलं की दुसरं! किती बुजवू?

बाबांना म्हटलं, वर एक छोटा 'वाहन' क्लास करू. दोघींत सारखं तेवढंच त्यात. टॅक्सी आणि ॲम्ब्युलन्स, बहिणी-बहिणी.

"चालत्या गाडीला खीळ घालू नकोस. माझ्या क्लासला हात लावलास तर उद्यापासून येऊ नकोस."

हे वडील बोलले की मालक, कळलं नाही. दोघांनाही माझं उत्तर एकच.

२२ मार्च

लावला हात.

२३ मार्च

टॅक्सी पूर्वीसारख्याच धावल्या. ॲम्ब्युलन्स पेशंट येईपर्यंत दारातून हलली नाही. आई म्हणते, "माफी माग, मिटवून टाक." कशाची माफी?

बाबांनी सगळ्यांसमोर काढून टाकलं मला. टेबल आवरलं. रडले नाही — घरी येऊन रडले.

२७ मार्च

ऑफिसात शेजारच्या टेबलावर बसणाऱ्या चष्मिसचा फोन. टेम्पोचं नवं काम आलंय. क्लास बाबांनी स्वतः लिहिला — माझ्या 'वाहन'खाली.