निरोगी गटातील अकरा माणसांबाबत

प्रति,
मा. संचालक,
हृदयरोग संशोधन संस्था

विषय : निरोगी गटातील अकरा रक्तनमुने रद्द करून धमनीविकाराचे संशोधन चालू ठेवणेबाबत.
संदर्भ : सदर संशोधन बंद करण्यासाठी उद्या होणारी बैठक.

महोदय,

लिहिताना मान खाली जाते, तरी लिहितो. मी आपल्या प्रयोगशाळेत एकोणीस वर्षे रक्तनमुने घेण्याचे काम करतो.

१. धमन्या अरुंद होण्याच्या आजारात एक लांब आरएनए रक्तात वाढतो काय, याचा शोध आपल्या संशोधक मॅडम चार वर्षे घेत आहेत. या आरएनएपासून प्रथिन बनत नाही, म्हणून पूर्वी त्याला कुणी विचारत नसे. तुलनेसाठी पन्नाशीपुढील पंधरा निरोगी माणसे आणणे माझ्याकडे होते. सकाळी सातला उपाशीपोटी यायला चारच जण तयार झाले. मॅडमना तसे सांगायला जीभ रेटेना. सबब दर सोमवारी दातांनी दंडावरचा पट्टा ओढून मी माझ्याच डाव्या हाताचे रक्त काढले व नळीला नवा क्रमांक दिला. असे अकरा सोमवार झाले.

२. परिणामी निरोगी गटातही हा आरएनए भरपूर निघाला आणि मॅडमचे म्हणणे खोटे पडले. अकराही आकडे एकमेकांच्या इतके जवळ आले, की मॅडमनी सर्वांदेखत माझ्या हाताच्या सफाईचे कौतुक केले. मी चहा पीत राहिलो. त्या चहाची लाज मला सर्वांत जास्त वाटते.

३. गेल्या गुरुवारी जिन्यात छातीत कळ आली. तपासणीत माझ्या तीन धमन्या अरुंद निघाल्या व शस्त्रक्रिया ठरली. मॅडमच्या मोजणीत चूक नव्हती. चूक नळीवरच्या चिठ्ठीत होती. घरी सर्व सांगितले, तेव्हा पत्नी म्हणाली, "अहो, अकरा जणांचं दुखणं एकट्यानेच आणलंत की! आणि त्या बाईंचं काय?" म्हणून हा अर्ज.

तरी मॅडमचे संशोधन बंद करू नये, ही कळकळीची विनंती. माझ्यावरील कारवाई मात्र शस्त्रक्रियेपूर्वीच व्हावी. नंतर आपणास दया येईल आणि ती घेण्याची माझी लायकी नाही.

आपल्या विश्वासास न जागलेला,
(सही)
प्रयोगशाळा तंत्रज्ञ
दि. ३ मार्च

सोबत :
१) धमनी तपासणीचा अहवाल.
२) अकरा खोट्या क्रमांकांची यादी.
३) बारावी नळी. आज सकाळी परिचारिकेने काढली. गट : रुग्ण. हिच्यावर माझे नाव आहे.