गोळी दिवसातून तीनदा

निवासी डॉक्टर वसतिगृह, मुंबई
१९ जुलै १९९६

ती. अण्णांस,
जयमालाचा सविनय जय भीम. वि. वि.

माझी तार या पत्राआधी मिळाली असेल. ‘भिमाजींची पांढरी गोळी बंद करा, ताबडतोब लोणीच्या मोठ्या दवाखान्यात न्या’ एवढंच तारेत लिहिलं. कारण आता लिहिते. आईला वाचून दाखवू नका.

तुमची चिठ्ठी घेऊन आलेल्या भिमाजीबाबांना सोमवारी घरी सोडलं. त्यांचं औषधांचं कार्ड मी लिहिलं. रविवारी सकाळी आठला वॉर्डात शिरले होते, कार्ड लिहिलं सोमवारी दुपारी चारला. मध्ये पाठ टेकली नव्हती. आज त्यांचे कागद रजिस्टरला उतरवताना पाहिलं, तर हृदयाची जी गोळी रोज एकदाच द्यायची, ती मी दिवसातून तीनदा लिहिली आहे. अक्षर माझंच, अगदी सुवाच्य. लिहिल्याचं मात्र काही आठवत नाही.

ही गोळी जास्त झाली की नाडी मंदावत जाते. थांबूही शकते. त्या दिवशी घरी गेलेल्या आणखी तिघांचे कागद मी दोनदा तपासले, ते बरोबर निघाले. तरी ते पुन्हा काढून बसले आहे.

तुमची माया या पत्रानंतरही राहू द्यावी.
जयमाला

कोल्हार
२३ जुलै १९९६

चि. जयमाला हिस अनेक आशीर्वाद व जय भीम.

तार शाळेतच मिळाली. वर्ग तसाच सोडून सायकल काढली. भिमाजी भिंतीला टेकून बसले होते. दोन दिवस ओकाऱ्या चालल्या होत्या आणि सगळं पिवळं दिसतंय म्हणत होते. मुक्ताबाईंनी नवऱ्याची एकही गोळी चुकू दिली नव्हती. मास्तरांच्या लेकीनं लिहिलंय, म्हणून घड्याळ बघून देत होत्या. जीप करून लोणीला नेलं तेव्हा नाडी चाळीस होती. कालपासून पन्नासच्या पुढे आहे. धोका टळला असं अजून कोणी म्हणत नाही.

लोणीच्या डॉक्टरांनी कार्ड पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि घरच्यांसमोर काही बोलले नाहीत. मुक्ताबाईंना मी खोटं सांगितलं, की गोळी अंगाला मानवली नाही. तूही तिथे गप्प राहा. बत्तीस तास जागी होतीस हे कुणी ऐकणार नाही. राखीव जागेवरची, हिला झेपत नाही, एवढंच बोलतील, आणि आपल्या वस्तीतल्या मागून येणाऱ्या पोरींनाही तेच ऐकवतील. तुझा बाप भित्रा झालाय म्हण.

आईला माझ्या तोंडावरूनच कळलं. ती सांगते ते लिहितो: लई जागू नगं, मान्सं दगावत्यात अशानं. सायबाला सांग, इतकं आमच्याच्यानं व्हनार न्हाई.

पत्राची वाट पाहतो. जेवत जा.
तुझा, अण्णा

मुंबई
२८ जुलै १९९६

ती. अण्णांस,
सविनय जय भीम.

तुमचं ऐकलं नाही. आमच्या युनिटच्या प्रमुख सरांना सगळं सांगितलं. ते म्हणाले की तेही छत्तीस छत्तीस तास उभे राहूनच शिकले, झोप हवी असेल त्यांनी दुसरा धंदा बघावा. मग चष्मा पुसत म्हणाले की कोट्यातून आलं की थोडं जडच जातं. तुम्ही लिहिलं होतं तेच.

बाहेर येऊन अर्ज लिहिला, की चोवीस तासांनंतर कुणाही निवासी डॉक्टरला औषधं लिहायला बसवू नये. आम्ही अकरा जण आहोत, सह्या झाल्या तीन. बाकीच्यांना काय बोलणार, परीक्षेला परीक्षक सरच असतात. अर्ज अजून माझ्याकडेच आहे. उद्या पुन्हा ड्यूटी. सात हा आकडा लिहिला तरी तो सातच आहे ना, म्हणून चारदा बघते.

भिमाजीबाबांना खरं सांगा. तुमच्याच्यानं होत नसेल तर मी येते.
लोभ कमी करू नये.
जयमाला

कोल्हार
४ ऑगस्ट १९९६

चि. जयमालास आशीर्वाद.

भिमाजी घरी आले. नाडी सत्तर. काल त्यांच्या ओट्यावर बसून सगळं सांगितलं.  त्यांनी पोरगी किती तास जागी हुती, एवढंच विचारलं. मुक्ताबाई मात्र उठल्या. मीच माझ्या हातानं भरवल्या की गोळ्या, असं म्हणाल्या आणि आत गेल्या. माझ्याशी बोलत नाहीत.

भिमाजींनी तुमच्या सरांच्या नावे पत्र सांगितलं, मी लिहिलं, खाली त्यांनी सही केली. सोबत जोडतो. पोरीची चूक ती चूकच, पण बत्तीस तास तिला कामाला कुणी जुंपलं, ते सांगा. उत्तर आलं नाही तर मी येऊन विचारीन, असा मजकूर आहे. हे दिलंस तर तुझी चूक कायमची कागदावर येईल. गप्प राहा म्हणालो, ते मागे घेतो. पण दे असं लिहायची छाती होत नाही. तू ठरव.

तुझाच, अण्णा

मुंबई
१३ ऑगस्ट १९९६

ती. अण्णा व आईस जय भीम.

अर्ज आणि भिमाजीबाबांचं पत्र, दोन्ही दिले. पोच घेतली. दुसऱ्या दिवशी मला मेमो मिळाला, वीस तारखेला चौकशी आहे. त्याच दिवशी आमच्या युनिटचा ड्यूटीचा नवा तक्ता लागला. चोवीस तास झाले की घरी. खाली सही सरांचीच. तक्ता वाचून आणखी चौघांनी अर्जाच्या माझ्याकडच्या प्रतीवर सही केली.

जागा राहील की जाईल, सांगता येत नाही.  काल सकाळी आठला कुणीतरी खांद्याला हात लावून जा म्हणालं, आणि मी खरंच गेले.

चौकशी संपली की आधी मुक्ताबाईंकडे येईन. त्या बोलल्या नाहीत तरी बसून राहीन. त्यांना तेवढं सांगून ठेवा.

तुमची, जयमाला