टाचणीची नडगी

९ नोव्हेंबर, सोमवार
खोटं बोलते आहे. शंभर टक्के खोटं!

शेवटच्या दोन फेऱ्यांत डावा पाय जरा लवकर उचलत होती. थांबवलं. "दुखतंय?" – "नाही सर." एका पायावर दहा उड्या मारायला लावल्या. हसत मारल्या. नडगीवर अंगठा दाबला. चेहरा जसाच्या तसा. पण बुटाच्या पातळ कापडाखाली बोटं आखडली, मी पाहिली.

शिंप्याची पोर, अंगानेही तशीच, म्हणून मैदानावर सगळे तिला टाचणी म्हणतात. रविवारी निवड आहे. दहा हजार मीटर, पहिल्या दोघींना राष्ट्रीय प्रशिक्षण केंद्रात जागा. या वयोगटातलं तिचं शेवटचं वर्ष.

१० नोव्हेंबर
नडगीच्या हाडाला तडा गेला असेल तर? बारीक तडा साध्या एक्स-रेत दिसेलच असं नाही. एमआरआयची तारीख मागितली. सोमवार मिळाला – निवडीच्या दुसऱ्या दिवशी! हातापाया पडलो. काउंटरवरची बाई म्हणाली, "इथे सगळ्यांनाच घाई असते."

१२ नोव्हेंबर
चूक माझीच. चौदा वर्षं ओरडत आलो – "'दुखतंय' हा शब्द माझ्या मैदानावर नको!" आता कोणत्या तोंडाने खरं मागू? दोन वर्षांपूर्वी उंटही "नाही सर" म्हणाला होता. मी त्या लांबुळक्या पोराला पळू दिलं. सातव्या किलोमीटरला मांडीचं हाड मोडलं. पन्नास पावलांवर उभा होतो, तरी आवाज ऐकू आला. आता तो रस्त्यात दिसला की मी दुकानांच्या पाट्या वाचतो.

बायको म्हणते, "दुधाने तोंड पोळलंय तुमचं, म्हणून ताकही फुंकताय." असेल. पण चटका बसला तर मला नाही, त्या पोरीला बसेल!

१३ नोव्हेंबर
टाचणीचे वडील आले होते. गळ्यात टेप तसाच. "सर, तुम्ही म्हणाल ते. पण थांबवायचंच असेल तर तुम्हीच सांगा तिला. माझ्याच्याने नाही व्हायचं."

माझ्याच्यानेही होत नाही. सरावानंतर दोनदा हाक मारली, दोन्ही वेळा बुटाच्या नाड्यांवर बोललो. भित्रा लेकाचा!

१४ नोव्हेंबर
पळू दे. नको. पळू दे.

१५ नोव्हेंबर, रविवार
सकाळी सहाला कार्यालयात जाऊन तिचं नाव मागे घेतलं. सही केली. तिला सांगितलं नाही.

ती काल मिळालेला नंबर छातीवर लावून रेषेपाशी उभी. पुकारा झाला, सगळ्यांची नावं आली, तिचं नाही. धावत माझ्याकडेच आली! "सर, माझं नाव राहिलं वाटतं. सांगा ना त्यांना, लवकर!"

"मीच काढलंय."

रडली नाही. नंबर काढला आणि माझ्या हातात ठेवला. पहिली आलेली मुलगी छत्तीस मिनिटं चाळीस सेकंदांत आली. टाचणी सरावातसुद्धा छत्तीसच्या आत पळते.

देवा, उद्या तडा दिसू दे.

काय मागतोय मी! पोरीचं हाड मोडलेलं निघावं म्हणून हात जोडतोय. पण दिसू दे.

१७ नोव्हेंबर
वही घेऊन दवाखान्याच्या जिन्यात बसलोय. डॉक्टरांनी उठून माझा हात हातात घेतला. "अभिनंदन! हाड ठणठणीत आहे. साधी सूजसुद्धा नाही."

ती खाली बाकावर रिपोर्टची वाट बघते आहे.