गिअरबॉक्सच्या ऑइलचं कोणी ठरवायचं

२८ जुलै, सोमवार
आज परत धक्का. दारव्ह्याहून कॉलेजला निघाले होते, लोहाऱ्याजवळ, गाडी दुसऱ्या गिअरवरून तिसऱ्यावर जाताना. मागून कोणी ढुशी मारावी तसा. हे शेजारीच बसले होते, त्यांचं यवतमाळला काम होतं. लगेच म्हणाले, "तू ब्रेक आन् ॲक्सिलेटर सोबत दाबतेस. म्हनून होते हे."

सोबत दाबायला मला दुसरा पाय आहे कुठे? डावा पाय लहानपणापासून पोलिओचा, कॅलिपरमध्ये. म्हणून तर ऑटोमॅटिक घेतली, सात वर्षांपूर्वी, माझ्या पगारातून, माझ्या नावावर. एकाच पायानं दोन्ही कसं दाबतात, ते यांनी एकदा करून दाखवावं. लग्नाला एकोणतीस वर्षं झाली, माझा कोणता पाय चालतो हे अजून पाठ नाही.

३० जुलै, बुधवार
कॉलेजमधून हाफ डे घेऊन गाडीच्या शोरूमला. हे सोबत. तिथल्या टायवाल्या पोरानं पाणी यांना दिलं, खुर्ची यांना दिली, आणि विचारलंही यांनाच. "सर, गाडी कोण चालवतं?" "मॅडम." "अच्छा."

त्या अच्छामध्ये निदान झालं, बिल तेवढं बाकी राहिलं.

मी म्हटलं, गिअरबॉक्सचं ऑइल एकदाही बदललेलं नाही, ते बदलायचं का? म्हणाला, ते लाइफटाइम असतं, बदलावंच लागत नाही. मग हा धक्का कशाचा? तर म्हणे चालवायची सवय. पुन्हा यांच्याकडे बघून हसला. हेही हसले. हे का हसले?

३ ऑगस्ट, रविवार
गाडीचं पुस्तक काढून वाचलं. साध्या परिस्थितीत ऑइल नुसतं तपासा. कठीण परिस्थितीत बदला. कठीण म्हणजे काय, तर धूळ, कडक ऊन, चढउतार. ज्यानं हे लिहिलं त्याला मे महिन्यात दुपारी दोन वाजता दारव्ह्याच्या एसटी स्टँडवर उभा करावा, आणि विचारावं, बाबा, ही साधी की कठीण?

यांना वाचून दाखवलं. म्हणाले, पुस्तकं काय, छापतात. माणूस रिटायर झाला पंचायत समितीतून. जन्मभर छापलेल्या कागदावर सह्या केल्या.

६ ऑगस्ट, बुधवार
येताना लोहाऱ्याला डोंगरे मिस्त्रीकडे थांबले. स्टाफरूममध्ये सगळे त्याचंच नाव सांगतात. त्यानं एक फेरी मारली. परत येऊन हात पुसले. मग म्हणाला, "सात वर्साचं ऑइल हाये, मॅडम. बदललं त चांगलं चालन, नाई त जे थोडंफार पकडून राह्यलं तेबी सुटन. नाई बदललं त हळूहळू जाईनच."

म्हणजे इकडे आड, तिकडे विहीर. चालेल, निदान खरं तरी बोलला. म्हटलं, बदला. तर म्हणतो, "साहेबायले घेऊन या एकदा. उद्या बिघडली त म्हनतीन मिस्त्रीनं बिघडवली."

गाडी माझी, आरसीवर नाव माझं, पैसे माझे. बिघडली तर पायी जाणारही मीच. आणि हो म्हणायला साहेब पाहिजेत. बारावीच्या पोरांना मी गणित शिकवते, मला माझ्याच गाडीच्या तेलाचा हो-नाही सांगता येत नाही. तडक निघून आले. येताना दोनदा धक्का.

१० ऑगस्ट, रविवार
आज यांनी पोटातलं ओठावर आणलं. गाडी विकून टाकू. गिअरबॉक्स पुरता गेला तर भंगारात जाईल, त्याआधी काढलेली बरी. बंडू भाऊजींकडे, म्हणजे यांच्या शेती बघणाऱ्या धाकट्या भावाकडे, एक गिऱ्हाईक आहे. पोळा झाला की बघायला येईल. त्या पैशात चांगली गिअरची येते.

गिअरची. तिला क्लच. क्लचला डावा पाय.

"मी सोडत जाईन न तुले," म्हणतात. रोज यव.पर्यंत? आणि एखाद्या दिवशी कंटाळा आला तर? रागावले तर? मी पुन्हा दारात पर्स घेऊन उभी राहून यांच्या आंघोळीची वाट बघायची? सत्तेचाळिसाव्या वर्षी पहिल्यांदा स्वतःच्या मनानं कुठं तरी गेले मी. कुठं, तर नुसती बोरीपर्यंत, भजी खायला. पण गेले.

भांडी जोरात आपटली.

१४ ऑगस्ट, गुरुवार
निर्णय होईपर्यंत गाडीवर ताण नको म्हणून तीन दिवस काळीपिवळीनं. आज ड्रायव्हरनं न विचारताच दंडाला धरून वर ओढलं. "मावशीले समोर बसू द्या, पाय नाई तिले." पाय आहेत, दोन्ही आहेत. अख्ख्या जीपनं माझ्याकडे दयेनं पाहिलं. एका बाईनं तर मांडीवरची पिशवी सरकवून मला कुठला डॉक्टर, कुठलं तेल, सगळं सांगितलं.

सगळ्यांना माझ्या पायाच्या तेलाची काळजी. उद्यापासून गाडी. धक्के तर धक्के.

२२ ऑगस्ट, शुक्रवार
पोळा. आम्ही दोघं गावी, भाऊजींकडे. बैलजोडी आता एकच, पण ट्रॅक्टरही धुऊन सजवलेला. झुरमुळ्या, हार, बोनेटवर हळदकुंकू. शोभा, माझी धाकटी जाऊ, बैलांना ओवाळून ट्रॅक्टरपाशी आली. मी तिच्या मागे ताट धरून. मनापासून हात जोडले तिनं, आणि साध्या कौतुकानं म्हणाली, "याचे लय उपकार हायेत, ताई. तुमची गाडी फसलती तवा यानंच दोरानं ओढत दारव्ह्यापर्यंत नेली."

मी म्हटलं, कोणती गाडी?

"तुमचीच त. पेरनीच्या टायमाले. तुम्ही अमरावतीले गेलत्या न ट्रेनिंगले."

सगळं सांगितलं बिचारीनं. भाऊजी बियाणं आणायला माझी गाडी घेऊन गेले. किल्ली दाराजवळच्या खुंटीला, कोणीही घ्यावी. गाडी थेट वावरात घातली, काळ्या मातीत चाकं रुतली. मग इंजिन तापून बंद. मग ट्रॅक्टर, दोर, आणि पुढची चाकं जमिनीवर तशीच, अठरा कि.मी. "आन् भावजी होते न स्टेरिंगवर," शोभा म्हणाली.

शोभाचे भावजी म्हणजे हे.

जूनच्या शेवटी मी अमरावतीहून आले तेव्हा गाडी चकचकीत धुतलेली होती. केवढं कौतुक केलं मी. भाऊजींनी धुतली म्हणून त्यांच्यासाठी शिरा केला. धक्के त्याच्या दुसऱ्या आठवड्यापासून.

येताना गाडी मी चालवली.

२३ ऑगस्ट, शनिवार
सकाळी विचारलं. सरळ. तुम्हाला माहीत होतं?

वर्तमानपत्राची घडी केली, उलगडली, परत केली. "तू चिडशील म्हनून नाई सांगतलं."

मी चिडू नये म्हणून दीड महिना मलाच चोर ठरवलं. टायवाल्यासमोर हसले. डोंगरेनं साहेबांना आणा म्हटल्याचं सांगितलं, तेव्हा 'बराबर हाये त्याचं' म्हणाले. मी खरंच रात्री पडल्या पडल्या उजवा पाय हलवून बघत होते, की चुकून दोन्हीवर पडतो की काय. हे कसं भरून देणार? ऑइल तर मिळतं बाजारात.

आणि गाडी विकायची घाई. ती का, ते आता कळलं.

त्यांनी चहा केला. मी प्यायले नाही. तो चहा दुपारपर्यंत तसाच ओट्यावर, साय धरून.

२६ ऑगस्ट, मंगळवार
उद्या गणपती, म्हणून आजच लोहाऱ्याला गेलो. डोंगरेला साहेब पाहिजे होते, साहेब नेले. तो यांच्याकडे वळायच्या आत मी म्हटलं, "आधी यांचं ऐका. वावरात मी नव्हते, हे होते."

वाटलं होतं टाळतील. नाही टाळलं. मान खाली घालून सगळं सांगितलं, दोर, ट्रॅक्टर, अठरा कि.मी. डोंगरे कपाळावर हात मारून खाली बसला. "साहेब, अशी गाडी वढत नसतात. चाकं फिरतात, पन इंजिन बंद त आतलं ऑइल फिरत नाई. कोरडं घासत गेलं सारं." मग म्हणाला, बदलायचं की नाही हे आता ऑइल पाहूनच ठरेल. खालचा नट खोलायचा. त्याच्या चुंबकाला बारीक भुकटी लागली असेल तर अजून आशा. लोखंडाचे कपचे निघाले तर ऑइल बदलून फायदा नाही.

आणि मग माझ्याकडे बघून, पहिल्यांदा, "मॅडम, खोलू का?"

एवढे दिवस ज्या प्रश्नासाठी भांडले तो समोर आला. कपचे निघाले तर? हे काही बोलले नाहीत. बोलले असते तर बरं, असंही क्षणभर वाटलं, त्याचाच राग आला.

म्हटलं, खोला.

काळं, जळकट वास. चुंबकावर राखाडी लगदा. डोंगरेनं बोटांत चोळून पाहिला, बल्बखाली धरला. एक कपचा होता. एकच, नखाएवढा. "आता याले काय म्हनाव," तो स्वतःशीच म्हणाला. नवीन ऑइल भरलं. पंधरा दिवस चालवा, मग सांगतो, म्हणाला. चांगली राहील असं म्हणाला नाही. जाईल असंही नाही.

चालवत मीच आणली. बोरीच्या अलीकडे एकदा हिसका बसला. धक्का होता की खड्डा, देव जाणे. या रस्त्यावर कळायची सोयच नाही. यांच्याकडे पाहिलं. खिडकीबाहेर सोयाबीन बघत होते. ब्रेक-ॲक्सिलेटरचं नाव काढलं नाही.

किल्ली खुंटीला लावली नाही. पर्समध्ये.

३० ऑगस्ट, शनिवार
तीन दिवस धक्का नाही. आज सकाळी एक, बारीक. की मलाच वाटलं.

गिऱ्हाइकाचं काय करायचं, यांनी विचारलं. मी म्हटलं, ते तुमचं तुम्ही सांगा त्याला. माफ केलं का, हे त्यांनी विचारलं नाही. विचारलं असतं तर नाहीच म्हटलं असतं.

संध्याकाळी भाऊजींचा फोन, यांच्या फोनवर. उद्या महालक्ष्म्या बसतात, सामान आणायला गाडी पाहिजे. यांनी सवयीनं खुंटीकडे पाहिलं. खुंटी रिकामी. मग फोन माझ्या हातात दिला.

हा मोठेपणा की भित्रेपणा, ते नंतर बघू. भाऊजी तिकडून हॅलो, दादा, हॅलो करून राह्यलते. मी लगेच बोलले नाही. करू दे म्हटलं थोडा वेळ.