टेस्टिंगला ठेवलेला लॅपटॉप

जठारपेठ, अकोला
४ मार्च २०१२

प्रिय बंडू,

पत्र पाहून दचकू नकोस. बाबा बरे आहेत. हे पहिल्याच ओळीत लिहिते, नाहीतर तुझं पुढच्या वाचण्यात लक्ष लागायचं नाही. फोनवर हे सगळं बोलता आलं नसतं. माझं घर दोन खोल्यांचं, आणि लकव्यात बाबांचा उजवा हात गेला, अर्धी वाचा गेली, तरी कान मात्र दुकानात होते तसेच आहेत. रेडिओची खरखर रस्त्यावरून ऐकून आत काय बिघडलं ते सांगणारा माणूस, त्यांच्यापासून दोन खोल्यांत काय लपणार?

आज सकाळी तू म्हणालास, नवा लॅपटॉप कुरियरने पाठवतो, तो जुना भंगारात देऊन टाक. मी नुसतं बरं म्हटलं आणि फोन ठेवला. पण मी स्पीकर चालू ठेवला होता रे. तुझ्या सूचना ऐकत दोन्ही हातांनी बटणं दाबायची म्हणून दर रविवारी ठेवते तसाच.

आधी लॅपटॉपचीच गोष्ट सांगते. तू तो संक्रांतीला मित्राच्या हाती पाठवलास, का ते तू सांगितलं नाहीस आणि मी विचारलं नाही. फिजिओथेरपीच्या अलीझा मॅडम म्हणाल्या होत्या की बोटं हलायला हवीत, हे मी तुला सांगितलं आणि आठ दिवसांत लॅपटॉप दारात. उघडून बघते तर त्यात तुझ्या लहानपणीचा तोच नावेचा गेम! नदी, खडक, ती छोटी नाव आणि ती कानात बसलेली धून. टीव्हीला जोडायच्या त्या जुन्या यंत्रावरचा गेम यात कसा शिरला, असं विचारलं तर तू म्हणालास, हा एम्युलेटर आहे ताई, लॅपटॉपला त्या यंत्राचं सोंग घ्यायला लावतो. मला ते फार आवडलं. पण सोंग काही नीट वठेना. नाव अशी चालायची जशी चिखलात रुतली आहे, आणि धून ऐकून वाटायचं, वरातीतल्या बँडवाल्यांना कुणी जेवूच घातलं नाही.

मग सुरू झाले आपले रविवार. तू सांगायचास आणि मी शाळेच्या जुन्या वहीत उतरवून घ्यायची. बाकीचे प्रोग्राम बंद कर. ड्रायव्हर नवा टाक. चित्र लहान कर. पंख्यातली धूळ काढ. मी मराठी शिकवणारी बाई, फ्रेम म्हटलं की मला भिंतीवरचे फोटो दिसतात, पण एका सेकंदात किती फ्रेम पडतात ते मोजायला शिकले. आणि गंमत अशी की तुझ्यासमोर, म्हणजे तू फोनवर असताना, गेम अगदी सुरळीत पळायचा. तू म्हणायचास, झालं ना ठीक? सोमवारी शाळेतून येऊन बाबांपुढे लावला की पुन्हा चिखल. डॉक्टरकडे नेलं की खोकला थांबणाऱ्या पोरासारखं त्याचं वागणं. एकदा तू चिडून म्हणालास की ताई, तूच काहीतरी दाबत असशील.

या सगळ्यात तू एकदाही विचारलं नाहीस की बाबा कसे आहेत. दर रविवारी लॅपटॉपची तब्येत विचारायचास. मला कळत होतं.

बाबा खाटेवरून हे सगळं बघत होते. एका दुपारी माझी वही बघून त्यांनी डाव्या हाताने खूण केली, ठेव ते. मग एकेक शब्द जुळवत म्हणाले, "सप्लाय. पयले सप्लाय पाय." आठवतं तुला? अमरावतीच्या दुकानात कुणी काहीही आणलं, अगदी टेपरेकॉर्डर पाण्यात पडला म्हणून आणला, तरी त्यांचं पहिलं वाक्य हेच, आधी वीज नीट पोचते का ते बघ. मी म्हटलं, बाबा, यात कुठला आला सप्लाय, हा सॉफ्टवेअरचा प्रश्न आहे. ते तोंडाच्या चांगल्या बाजूने हसले आणि वर थांबलेल्या पंख्याकडे बोट दाखवलं.

लोडशेडिंग, बंडू! मी शाळेतून येते तेव्हा आमच्याकडे लाईट गेलेली असते. लॅपटॉप बॅटरीवर. बॅटरी पुरवून वापरायची म्हणून तो आपला आपणच मंद होतो. रविवारी सकाळी तुझा फोन येतो तेव्हा लाईट असते, चार्जरची पिन लावलेली असते, म्हणून तो पळतो. बेंगळुरूचा एक इंजिनियर आणि अकोल्याची एक मास्तरीण, दोघांनी मिळून महिनाभर जे शोधलं, ते एका हाताच्या माणसाने खाटेवरून सांगितलं. त्या दिवशी बाबांनी चहा दोनदा मागितला.

मी उत्साहाने सेटिंग बदलली. बॅटरीवरही पूर्ण वेग. नाव सुसाट निघाली, धून खणखणीत. बाबांनी उजवा हात डाव्याने उचलून बटणांवर ठेवला आणि पहिल्याच खडकावर नाव फुटली. दुसरी फुटली. तिसरीही. मग त्यांनी तो हात उचलून मांडीवर ठेवला, टॉवेलची घडी ठेवावी तसा. दोन दिवस त्यांनी लॅपटॉप उघडू दिला नाही. "काहून?" विचारलं तर म्हणाले, "थे धावते. मी नाई धावू शकत."

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. महिनाभर जो दोष मी काढायला बघत होते, त्याच दोषामुळे ते खेळू शकत होते. त्या चिखलातल्या नावेचा वेग आणि त्यांच्या बोटांचा वेग एक होता. मी सेटिंग पुन्हा होती तशी केली. आता आख्खी जठारपेठ लाईट गेली की शिव्या घालते आणि आमच्या घरातले बाबा सरसावून बसतात. लाईट असली तर मला सांगतात, "पिन काढ." परवा त्यांनी सदऱ्याची वरची दोन बटणं स्वतः लावली. अलीझा मॅडम म्हणाल्या, काका, किसकी बारात में जा रहे?

म्हणजे गेले तीन रविवार मी तुला खोटं सांगितलं. अजून हळूच चालतो म्हणाले, कारण दोष सापडला म्हटलं असतं तर तुझे फोन थांबले असते.

आता खोट्याचंच निघालं आहे तर बाबांचंही सांगते. मागच्या आठवड्यात नाव चालवता चालवता ते आपणहून बोलले. त्र्याण्णवच्या उन्हाळ्यातला तो गेम तुला आठवतच असेल. अचलपूरच्या कुर्बानभाईंनी त्यांच्या पोरासाठी, तनवीरसाठी घेतलेला, दुरुस्तीला आलेला. बाबांनी तो मागच्या खोलीतल्या टीव्हीला जोडला आणि तुला म्हणाले, टेस्टिंगले ठेवला हाये, खेळून पाय. तू सुट्टीभर टेस्टिंग केलंस. जूनमध्ये कुर्बानभाई घेऊन गेले तेव्हा तू दोन दिवस जेवला नाहीस. बाबाले दया नाही, असं मला म्हणाला होतास.

बंडू, तो गेम दोन दिवसांत दुरुस्त झाला होता. कुर्बानभाई एसटीने तीनदा आले आणि तिन्ही वेळा बाबांनी सांगितलं, पार्ट मुंबईहून यायचा हाये. तिसऱ्यांदा ते म्हणाले, "पार्ट बंबई से पैदल आ रहा क्या, किसनभाऊ?" तेवढ्यात मागच्या खोलीतून ती धून आली. आपल्या पडद्याला किती भोकं होती ते तुला ठाऊक आहे. कुर्बानभाईंनी आत बघितलं, तुझी पाठ दिसली असेल. म्हणाले, "रहने दो. मैं जून में आता." बाबा मला म्हणाले, "साऱ्या जन्मात गिऱ्हाईकाशी एकदाच खोटं बोललो. बंड्यासाठी."

आणि आता ते, जे मी तुझ्यापासून जवळजवळ सहा वर्षं लपवलं.

दोन हजार सहाची दिवाळी. ती वर्षं कशी होती ते तू बघितलंस. आधी कापूस विकला की लोक बिघडलेले सेट घेऊन यायचे, हसत घेऊन जायचे. मग असे दिवस आले की सेट दुरुस्तीला टाकून गेलेली माणसं परत येईनाशी झाली. बाबा प्रत्येक सेटला चिठ्ठी बांधून, धूळ पुसून, वाट बघत बसायचे. बाबा लग्नाला गेले होते त्या दिवशी तू ते सगळे सेट भंगारवाल्याच्या हातगाडीवर चढवलेस. त्यांनी दुकान बंद करावं, आराम करावा, हाच तुझा हेतू, हे मला तेव्हाही ठाऊक होतं. ते परतल्यावर तू बोललास मात्र वाईट. "मेलेल्या सेटची राखण करून राहिले तुमी." ते रिकाम्या फळ्या पुसत राहिले. तू समजलास की त्यांना पोरापेक्षा भंगार प्यारं.

तू गेल्यावर पंधरा दिवसांनी भातकुलीहून लीलाबाई आल्या. पदराच्या गाठीत आपल्या दुकानाची चिठ्ठी. त्यांचे नत्थुजी रेडिओ टाकून गेले होते आणि त्याच वर्षी वारले. "चालू झाला असंन नं भाऊ?" असं त्यांनी विचारलं. बाबांनी घरातला आपला रेडिओ आणून त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो उलटा केला, मागची बाजू बोटाने चाचपली आणि परत दिला. "हा आमचा नोहे. आमच्यावर त्याह्यनं नाव कोरलं व्हतं." भांडल्या नाहीत. हात जोडून निघून गेल्या. बाबा त्यांच्यामागे एसटी स्टँडपर्यंत अनवाणी गेले. त्यानंतर दुकान उघडलं नाही. तुला सांगू नको, असं मला त्यांनीच बजावलं होतं, "त्याच्या जिवाले लागंल." म्हणून तुला कधी कळलंच नाही की ते तुझ्याशी का बोलत नाहीत. रागावून नव्हे रे. बोलायला गेले की ती बाई डोळ्यांपुढे येत असेल, आणि ते तोंडून निघून जाईल याची भीती.

आता आज सकाळचं. फोन ठेवला तेव्हा बाबा खाटेवर उठून बसले होते. तुझे "भंगारात देऊन टाक" हे शब्द त्यांनी ऐकले होते. मला वाटलं, झालं, पुन्हा सहा वर्षं. त्यांनी कागद मागितला, दोरा मागितला. डाव्या हाताने, जिभेचं टोक बाहेर काढून, अर्धा तास लिहीत होते. मग तो कागद मला लॅपटॉपला बांधायला लावला. वाकड्यातिकड्या अक्षरांत लिहिलं आहे: गिऱ्हाईक, बंडू किसनराव. वस्तू, लॅपटॉप. दोष, सप्लाय. टेस्टिंग चालू. मी म्हटलं, नवा येतोय तर हा आपल्या शाळेत देऊ, नाहीतर कुणाच्या हाती परत पाठवू. त्यांनी मानेनेच नाही म्हटलं आणि कागद उलटा करून दाखवला. मागे दुकानाच्या प्रत्येक चिठ्ठीवर असायची ती ओळ होती. माझ्याने ती तुला फोनवर वाचून दाखवली गेली नसती, म्हणून इथे लिहिते. वस्तू मालकाच्याच हाती मिळेल.

ये. दुपारचा ये, लाईट गेलेली असेल.

तुझीच,
भामाताई