मडक्याच्या आतला थर

बेलापूर

प्रिय मामंजी,

सलाम. तुम्हाला जाऊन दोन वर्षं झाली आणि सुनेला आत्ता पत्र सुचतंय, म्हणून हसाल. पण काल माझ्या भावाने, नगरच्या शाळेत शास्त्र शिकवणाऱ्या सॅम्युएलने, आपल्या बेकरीतलं खमीर मला सूक्ष्मदर्शकातून दाखवलं. तेव्हापासून जिवाला चैन नाही.

खमीर जिवंत असतं, असं तुम्ही म्हणायचात आणि मी मनात हसायचे. नगरच्या दवाखान्यात नर्सचं काम शिकून आलेली मी, सगळं घासायची, उकळायची सवय! खमिराच्या मडक्याला आतून चिकटलेला तो पांढुरका थर बघून मला किळस यायची. लग्नानंतरचा पहिला नाताळ चार दिवसांवर आला होता. तुम्ही सगळे उपासनेला गेलात आणि मी तळाशी राखलेलं खमीर ओतून मडकं रिकामं केलं, राखेनं घासलं, वर उकळतं पाणी फिरवलं. केवढी खूश होते मी स्वतःवर!

तुम्ही परत येऊन मडक्यात हात घातलात आणि तसेच थांबलात.

“ती घाण नव्हती, पोरी,” हळूच म्हणालात. “त्यातच ऱ्हातंय ते.”

तेवढ्यात हे आले. शिंदीच्या झाडाच्या आंबलेल्या रसावरून नवं खमीर लावायचं तर आठवडा जाणार. नाताळच्या पावाचं काय, म्हणून यांचं डोकं फिरलं. तुम्ही शांतपणे सांगितलंत, “थंडीनं गेलं. मडकं झाकायचं इसरलो मी.”

का हो असं बोललात? मी तिथेच उभी होते आणि तोंड उघडलं नाही.

मग तुम्ही खुंटीवरचा खमीर ढवळायचा लाकडी दांडा काढलात. त्याच्या टोकालाही तोच थर, वाळून कडक झालेला. उकडलेले बटाटे, गूळ, कोमट पाणी यात तो बुडवून मडकं घोंगडीत गुंडाळलंत. दोन दिवस काही नाही. तिसऱ्या दिवशी फेस आला आणि मी भट्टीमागे जाऊन रडले.

पाव झाले, पण यांच्या मनातून ते गेलं नाही. तुमचं वय झालं म्हणून यांनी खमिराचं काम तुमच्याकडून काढून घेतलं आणि तुम्हाला गल्ल्यावर बसवलं. उभा जन्म भट्टीपुढे गेलेला माणूस! तुम्ही कधी कुरकुर केली नाहीत. उलट दुपारी हे झोपले की मला शिकवायचात: वास कसा यायला हवा, गूळ कधी घालायचा, मडक्यात थोडं नेहमी का राखायचं. एकदा मी म्हणाले, खरं काय ते यांना सांगते, तर तुम्ही बटाटे सोलायला लावलंत. त्याचा मला अजून राग आहे, मामंजी.

काल काचेखाली मी काय पाहिलं सांगू? खमिराच्या एका पेशीच्या अंगातून कळीसारखी लेक फुटते. या आपल्या खमिरातल्या लेकी आईला सोडून जातच नाहीत. त्यांनाही लेकी होतात. असा मोठा गोतावळा भोवती चिकट रस सोडून एकमेकींना आणि भांड्याला धरून बसतो. सॅम्युएल म्हणाला, वरच्या वाळतात, मरतात, पण त्यांच्या आड आतल्या जगतात. म्हणून दांड्यावरचा थर वाचला. मला तुम्ही आठवलात. का, ते लिहायला हवं का?

आता दारूबंदी आली, नदीकाठच्या झाडांची शिंदी मिळेनाशी झाली. नवं खमीर लावायचं कशावरून, म्हणून आसपासचे बेकरीवाले हवालदिल आहेत. आपली भट्टी मात्र एक दिवस थांबलेली नाही. हे सगळ्यांना सांगतात, मार्थाच्या हाताला यश आहे. आणि वर म्हणतात, “दादांच्या शेवटी ध्यानात ऱ्हात नव्हतं.”

हे मी किती वेळा खाली मान घालून ऐकलंय! तुम्ही मला या घरात जागा दिलीत, हातात काम दिलंत, आणि मी तुमचं नाव तेवढंही राखलं नाही.

आता ते ऐकून घेणार नाही, हा माझा शब्द. हे पत्र मी पेटीत ठेवणार नाही. हे भट्टीवरून आले, हात धुतले, की त्यांच्या हातात देईन, आणि वाचून होईपर्यंत समोरून हलणार नाही.

तुमची सून,
मार्था