मलप्पांच्या घराशेजारची मोकळी जागा

लातूर
१४ सप्टेंबर २०२५, रविवार

आदरणीय मामा,

पुनमचा नमस्कार. सिंधुमामींनाही सांगा. तुमचा गुडघा कसा आहे? मी बरी आहे. मेसचं वरण नेहमीसारखंच, ताटाचा तळ दिसेल इतकं पातळ. पाऊस लई आहे. तुमच्या सोयाबीनमध्ये पाणी थांबलंय असं आई म्हणत होती.

फोन सोडून पत्र का, तर फोनवर तुम्ही "हाव, बरं हाय" म्हणता आणि ठेवून देता. पत्राला तसं करता येत नाही.

मी वर्ग घेते हे सांगितलं तेव्हा तुम्ही हसला होतात. "शिकायचं सोडून शिकवायलीस?" पण खरंच, मामा. आमच्या कॉलेजात यंदापासून विद्यार्थ्यांनाच एक विषय शिकवू देतात. अट एवढीच की दोन वेगळ्या विभागांनी मिळून शिकवायचा. मी मराठीची, आणि सोबत सत्यम, निलंग्याचा, भूशास्त्राचा. तो जमिनीखालचं सांगतो, मी जमिनीवरचं. आमचे सर मागच्या बाकावर बसून हजेरी देतात, याची मला अजून मजा वाटते.

विषय म्हणजे तुमच्याच जुन्या गावातली गल्ली, भूकंपात गेलेली, पारापासून आडापर्यंत. ती कागदावर न काढता मैदानावर खऱ्या मापात आखायची असं आम्ही ठरवलं, कबड्डीचं मैदान आखतात त्या पांढऱ्या फक्कीनं. त्यासाठी गावातली जुनी माणसं बोलावली. तुम्हालाही बोलावलं होतं. तुम्ही गुडघा पुढं केलात.

काल केवळाबाई आल्या, मलप्पा आले, अजून काही जण आले. ते सांगत पुढं आणि सत्यम फक्कीची बादली घेऊन मागं. "हितं माजा उंबरा. हितं म्हस बांधायची." केवळाबाईंनी चुलीची जागासुद्धा दाखवली. मलप्पांनी चारी भिंती आखून घेतल्या, माळवदावर चढायचा जिनाही सोडला नाही. त्यांच्या घरानंतर बरीच जागा सुटली आणि मग एकदम आड. सत्यमनं विचारलं, "हितं काय होतं, आज्जा?" मलप्पा म्हणाले, "काय नव्हतं." बाकीचेही तेच म्हणाले. सत्यमनं तिथं पाटी रोवली, 'मोकळी जागा'. वर त्या मोकळ्या जागेमुळं माणसं कशी वाचली असतील, यावर उभ्या उभ्या भाषणही ठोकलं. सगळ्यांनी लिहून घेतलं, सरांनीसुद्धा.

मग आडाच्या बाजूला चहा आला. आमची पोरं त्या मोकळ्या जागेतून सरळ पळाली. जुनी माणसं गेली नाहीत. केवळाबाईंचे पाय सुजलेले, तरी त्या मलप्पांच्या घरामागून लांबचा वळसा घालून गेल्या. त्यांच्यामागं मलप्पा, मग बाकीचे, एकामागं एक. जिथं रेघसुद्धा नव्हती तिथं भिंत असल्यासारखे अंग चोरून चालत होते. मी केवळाबाईंना विचारलं, मधून का नाही आलात? त्या म्हणाल्या, "कुणाच्या घरातून कसं जावं, माय?" आणि तोंडाला पदर लावला. चहाही घेतला नाही.

संध्याकाळी आईला फोन केला. हे ऐकून तिनं ठेवून दिला. थोड्या वेळानं तिचाच आला. "मामाला इचार. मला इचारू नको." ती रडत होती.

तेव्हापासून डोक्यात काहीबाही येतंय. पक्कं घर असून तुम्ही बारा महिने पत्र्याखाली झोपता. गावातली सगळीच जुनी माणसं तसं करतात म्हणून मी कधी विचारलं नाही. सगळे मला पुनम म्हणतात, तुम्ही मात्र कायम 'पोरी'. एकदाही नावानं हाक नाही. मी ते लाडाचं समजत आले. आता मला भीती वाटते, आणि कशाची ते लिहवत नाही.

आज पावसानं सगळी फक्की धुऊन नेली. शनिवारी शेवटचा वर्ग आहे, त्याआधी गल्ली पुन्हा आखायची. ती जागा तुमची असेल तर तुम्ही म्हणाल तसं करीन. मोकळी ठेव म्हणालात तर ठेवीन. पण सत्यमची पाटी मी उपटून टाकली आहे. खोटं शिकवायला मला जमणार नाही.

नावानं हाक न मारलेली तुमची,
पुनम

---

१७ सप्टेंबर

चि. पुनम हिस,

मामाचा आशीर्वाद. गुडघा बरा हाय. तुला खोटं सांगितलं व्हतं.

लिवायची सवय मोडली. हा कागद सिंधुनंच आणून दिला. म्हणाली, आता तरी लिवा.

मलप्पाच्या अन् माज्या घरात भिंत एकच व्हती. त्या राती मी मळ्यात पाणी द्यायला गेलतो. घरात यशोदा व्हती, माजी पहिली बायको, अन् तिच्या कुशीत आमची लेक. मलप्पानं अन् मी मिळून दगड उपसले. दोघी एका जागी गावल्या.

पुढं गावाला मीच म्हणलं, माज्या घराचं नाव काडू नका, मला जगायचं हाय. गावानं ते आजवर पाळलं. मलप्पावर चिडू नको.

लेकीचं नाव पुनम. तू झालीस तवा तुज्या आईनं इचारलं, हेच नाव ठिऊ का. मी हाव म्हणलो. पण तुला हाक मारली तर तीच ओ देईल, असं वाटायचं. अजून वाटतंय. वर तुजं नाव लिवलं अन् बराच येळ दाराकडं बघत बसलो.

शनिवारी पहिल्या यष्टीनं येतो. ती जागा आखू नको, फक्की मी धरीन. दार उगवतीला व्हतं, मागचं आडाकडं. यशोदा दोन्ही दारं उघडी ठिवायची, गल्लीतली सगळी लेकरं आमच्या घरातूनच आडावर पळायची. तुज्या पोरांना वरडू नको. मधून जाऊ दे. केवळाबाईलाबी सांग, आता वळसा नको.

पुनमचा बाप अन् पुनमचा मामा,
सुदाम